कड्यातून जाणारं घराणं

मुठ्याला मुठ्या हे नाव आईबापाने ठेवलेलं नव्हतं, कारखान्याने ठेवलं होतं. त्याच्या बापाला सगळे बुधला म्हणत. आता मुलाला बटण म्हणतात. तिघांचं काम एकच. रंगकारखान्याचा बॉयलर विझवून थंड झाला की त्याच्या पोटात शिरायचं आणि आत धरलेला पांढरा, दगडासारखा थर छिन्नी-हातोडीने फोडून बाहेर काढायचा. बॉयलरला माणसाने आत जायचं एक भोक असतं. धड माणसाच्या मापाचं नसतंच ते. बॉयलर बनवणाऱ्याने माणसाचा विचार सगळ्यात शेवटी केलेला असतो, आणि केलेला असतो तोही अर्ध्याच माणसाचा.

त्या भोकाच्या मापाचं एक लोखंडी कडं कारखान्याच्या दारात टांगलेलं असे. कामाला आलेल्याने आधी त्यातून पार होऊन दाखवायचं. खांदे अडकले की मुकादम म्हणे, "जा बाबा, गोदामात पोती उचल. देवाने तुला जास्त दिलंय." मुठ्याच्या घरात कुणाचेच खांदे कधी अडकले नाहीत, आणि याचा त्यांना कोण अभिमान! बाकीच्यांच्या घरात आजोबांचा फोटो लावतात, यांच्या भिंतीवर कारखान्याने भंगारात टाकलेलं जुनं कडं लटकत होतं. बापाने खांद्यावर घालून आणलेलं. मुठ्या आणि त्याची भावंडं त्यातून सरसर इकडून तिकडे जायची आणि बाप टाळ्या पिटायचा. पुढे बटण गेला. नात ठकी बसायला लागली तशी मुठ्याने तिलाही दोन्ही हातांत धरून त्यातून अलगद पार केली. वर सुनेला म्हणाला, "बघ, कुठं घासली पण नाही! अस्सल आपली आहे."

सून त्या वेळी हसली होती. आता हसेनाशी झाली होती.

ठकीचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. दवाखान्यातल्या नर्सने तिला एका लाकडी फळीवर आडवी निजवली, पाय सरळ धरले, टाचेला दुसरी फळी लावली आणि माप दोनदा बघितलं. मग म्हणाली, "हिची उंची वयाच्या मानाने फारच मागे पडलीय. बारीक आहे म्हणून नाही सांगत. वाढ खुंटतेय हिची." सून घरी आली ती डोळे पुसतच. मुठ्या म्हणाला, "त्या नर्सला काय ठाऊक आपलं घराणं? सशाच्या पिलाला मोजून सांगतेय, घोडा का झाला नाहीस म्हणून!" बटण हसला. सुनेने भांडी आदळली.

सुनेचा भाऊ टेकडीपलीकडच्या एका मोठ्या बेकरीत गाडी चालवायचा. तिथे भट्टीवर माणूस हवा होता आणि बेकरीच्या मागे खोल्याही होत्या. उंचावर, कोरड्या, दाराशी स्वच्छ नळ. मालकाला होय की नाही ते येत्या सुटीच्या संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. बटणाचं एकच पालुपद, "बाबा म्हणतील तसं." आणि बाबा काही म्हणायला तयार नव्हते. कारण ही खोली कामाला बांधलेली होती. घरातलं एक माणूस बॉयलरमध्ये शिरतंय तोवर खोली यांची. शिरायचं थांबलं की गाशा गुंडाळायचा. आणि मुठ्या या खोलीत जन्मला होता, त्याची आई याच खोलीत गेली होती. चुलीच्या धुराने काळी झालेली भिंतसुद्धा त्याला आईच्या पदरासारखी वाटायची. सून पाचव्या महिन्यात होती. तिने एकदाच, शांतपणे सांगितलं होतं, "तुम्ही दोघं नाही आलात तर मी ठकीला घेऊन जाईन. भावाच्या दारात पडून राहीन." असल्या बायका आरडाओरडा करत नाहीत तेव्हाच खरी भीती वाटावी अशा असतात.

बेकरीचं कानावर आलं म्हणून त्या सुटीच्या दिवशी दुपारी मुठ्याची बहीण आली.

चौकटीवर कपाळ आपटूनच ती आत आली. दरवेळी आपटायची.

"लांबडे, वाक की!" मुठ्या ओरडला. "कितीदा सांगू, हे घर माणसांसाठी आहे, जिराफांसाठी नाही."

"घर म्हणे! खुराडं आहे हे दादा." कपाळ चोळत ती खाली बसली. बसली तरी उभ्या मुठ्याच्या छातीला लागत होती.

ती तान्ही असतानाच तिला मावशीकडे दिलं होतं. मावशीला मूल नव्हतं, गाई-कोंबड्या होत्या, अंगणात गोड्या पाण्याची विहीर होती. तिथेच ती वाढली, मावशीलाच आई म्हणाली, पुढे भाजीबाजारात स्वतःचा गाळा टाकला. सख्ख्या आईकडे ती लग्नकार्यापुरती यायची, आणि आली तरी पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसायची. आईने आपल्याला टाकलं, हे तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलेलं. आई गेली तेव्हाही ती रडली नव्हती. आता मावशीही गेली, आणि पन्नाशी उलटलेल्या त्या दांडग्या बाईला एकदम पोरकं झाल्यासारखं वाटायला लागलं होतं.

तिने ठकीला मांडीवर घेतलं, हाताने तोललं. "कितीची झाली गं ही?"

"दुसरं संपत आलंय, आत्याबाई," सून म्हणाली.

"दुसरं? मला वाटलं, पहिलं संपतंय."

"झालं, आली दुसरी नर्स!" मुठ्या म्हणाला. "अगं, आपलं रक्तच बुटकं."

"आणि मी कुणाच्या रक्ताची? कारखान्याच्या मालकाच्या?"

दाराशी दाढी करत बसलेल्या बटणाचा हात हसण्याने हलला. सुनेने पदर तोंडाला लावला.

"तू मापात चुकलेली," मुठ्या म्हणाला. "एखादा नग जातो वाया."

"बरं, वाया तर वाया." ती थोडा वेळ ठकीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "दादा, आईचं काहीतरी सांग ना. मला काहीच ठाऊक नाही तिचं. तुम्ही सगळे जमलात की हसत बसता, मी आपली तोंडाकडे बघत असते."

एवढंच पुरे होतं. मुठ्या भिंतीला टेकून बसला, पाय लांब केले, म्हणजे त्याच्या मानाने लांब, आणि त्याचा चेहराच बदलला. आईचं नाव निघालं की हा म्हातारा दहा वर्षांचा व्हायचा.

"हा नाला आहे ना मागचा," तो म्हणाला, "तेव्हा उघडा होता. रोज वेगळा रंग वाहायचा. निळा, तांबडा, पोपटी. आम्ही सकाळी उठलो की आधी नाला बघायचो आणि सांगायचो, आज कारखान्यात कुठलं कापड चढलंय. नळ असा नाल्याच्या काठाला. पाइप नाल्यातूनच आलेला, कुठंतरी फुटका. पहिलं पाणी यायचं ते गुलाबी. आई म्हणायची, आज सरबत आलंय रे! पहिली बादली ती ओतून द्यायची, आणि तिची पाठ वळली की आम्ही ओंजळी लावायचो."

बहीण हसली. तिच्या डोळ्यांपुढे ती पोरं, ती ओंजळ, ती पाठमोरी बाई उभी राहिली असावी.

"उन्हाळ्यात तर धमाल," मुठ्या रंगात आला. "सगळ्यांनाच जुलाब! एकसाथ. आम्ही सगळी इथे ओळीने आडवी, आणि आई मध्ये बसून जुलाबी राजाची गोष्ट सांगायची. एक राजा असतो, त्याला सिंहासनावर बसायला वेळच मिळत नाही. प्रधान म्हणतो, महाराज, शत्रू आला! राजा म्हणतो, थांबवा त्याला, मी जाऊन आलोच! अशी सांगायची की हसता हसता आम्हाला खरंच पळावं लागायचं. दर उन्हाळ्यात नवी गोष्ट. आम्ही वाट बघायचो."

"आणि आपली ती दोघं?" बहिणीने विचारलं. "त्याच्यातच गेली ना? मावशी म्हणायची."

"हं." मुठ्याने हात झटकला, माशी हाकलावी तसा. या ठिकाणी तो नेहमीच घाईने पुढे जायचा. "तर पेज. आईच्या पेजेचं पातेलं कधी रिकामं नाही झालं बघ. कुणी जास्तीचं आलं की ती तांब्याभर पाणी घालायची. पुन्हा कुणी आलं, पुन्हा तांब्या. शेवटी शेवटी पेजेत तोंड दिसायचं. आम्ही वेडावून दाखवायचो एकमेकांना त्यात. तळातलं घट्ट बापाला. त्याला कामावर जायचं असायचं. त्याला पण पोटभर नाही हां! पोट सुटलं तर भोकात अडकेल म्हणून मुकादम दम द्यायचा."

तो स्वतःच खदखदून हसला. बटणही हसला. सुनेने हसायचं थांबवलं होतं. ती पाटावर बसून एकेक शब्द ऐकत होती.

"आणि आई?" बहिणीने विचारलं.

"आई सगळ्यांच्या मागून. पातेलं बोटाने पुसून घ्यायची. म्हणायची, शिजवताना वासानेच पोट भरलं माझं. काय बाई होती! आणि पोटुशी असली की आणखीच कमी, अर्ध्यावर यायची. ती म्हणायची, लेकरू लहान असलं की सुटसुटीत बाहेर येतं, बाप बॉयलरमधून येतो तसं. आम्हा एकेकाला जन्माला घातलं तिने, पण हूं की चूं नाही. या आमच्या सूनबाईलाही मी तेच सांगितलंय. ठकीच्या वेळी किती सोपं गेलं, विचार तिला!"

बहिणीने मान वळवून सुनेकडे पाहिलं. वर आलेली गालाची हाडं पाहिली, मनगट पाहिलं.

"तू किती जेवतेस गं?"

सून जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा म्हणाले होते... आणि पहिल्या वेळी खरंच सोपं गेलं. म्हणून आताही."

"अर्धं?"

"अर्ध्याहून थोडं जास्त."

"आणि कधी जेवतेस? सगळ्यांच्या मागून?"

बटणाने साबण लागलेलं तोंड तसंच ठेवून वस्तरा खाली ठेवला.

मग सून बोलली. आवाज चढवला नाही तिने. "त्या नर्सने मला मापानंतर खूप वेळ बसवून घेतलं. पाणी कुठलं पितेस, उकळतेस का, ठकीला जुलाब किती वेळा होतात, तू पोटुशी असताना काय खाल्लंस, हिला दूध-अंडं-डाळ मिळते का नुसतंच पातळ. बाबा, तिने मला जे जे विचारलं, ते सगळं तुम्ही आत्ता सांगितलंत. एकसुद्धा सुटलं नाही. फरक इतकाच, ती हसत नव्हती."

मुठ्या भिंतीची पाठ सोडून ताठ बसला.

"म्हणजे?" मुठ्याचा आवाज चिरकला. "माझ्या आईने आम्हाला उपाशी ठेवलं, असं म्हणतेस? त्या बाईने स्वतःच्या तोंडचं काढून..."

"त्यांना मी कशाला काही म्हणू? त्यांच्याकडे होतं काय? मी तुम्हाला म्हणतेय. आपल्याकडे थोडं आहे, आणि तरी आपण तस्संच करतोय. कशासाठी, तर आपलं घराणं असं म्हणून!"

"घराणं आहेच असं!"

"दादा," बहीण म्हणाली, "ऊठ जरा."

"का?"

"ऊठ म्हणते ना."

तो उठला. तीही उठली, आढ्याला डोकं लागू नये म्हणून मान तिरकी करून. भावाबहिणीचे खांदे शेजारी शेजारी आले, म्हणजे यायला हवे होते. त्याचा खांदा तिच्या कोपराशी होता. एकच आई, एकच बाप. तेच नाक, तीच हनुवटी, हसताना तोच एक डोळा बारीक. रक्ताला दोष देणाऱ्याने त्या दोघांकडे एकदा पाहावं आणि मग बोलावं. रक्त तेच होतं. तिला रोज दूध मिळालं आणि विहिरीचं पाणी मिळालं. याला तांब्याभर पाणी घातलेली पेज मिळाली, वर राजाची गोष्ट.

"मी जन्मभर रडत आले," ती म्हणाली, "की आईने मला टाकलं. पोरगी म्हणून टाकलं. तुम्हाला ठेवून घेतलं आणि मला दिलं. त्या गोष्टी मला ऐकायला मिळाल्या नाहीत म्हणून आजसुद्धा पोटात तुटतंय माझ्या. पण..."

तिने एकदा त्याच्या खांद्याकडे, एकदा आपल्या खांद्याकडे पाहिलं. मुठ्याला मात्र भलतंच काही आठवलं होतं. नाला, पेज, राजा या ठरलेल्या गोष्टींत ती गोष्ट कधी नसायची. मावशी आली होती ती मुलगा न्यायला. त्यालाच न्यायला. तिने त्याचा दंड धरला होता, तिच्या हाताला दुधाचा वास येत होता, आणि त्याला जायचं होतं. तेव्हा बाप म्हणाला, "हा नको. हा कड्यातून जातो. चार-सहा वर्षांत माझ्याबरोबर आत येईल." आईने बापाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात किरकिरणारी बारकी पोर उचलून मावशीच्या ओटीत ठेवली.

"मावशी मला न्यायला आली होती," मुठ्या म्हणाला.

"काय?"

"तुला नाही. मला. बापाने दिलं नाही. मी मापाचा होतो म्हणून." तो बहिणीच्या खांद्याकडे बघत होता. मग त्याने हात वर करून त्या खांद्याला बोटं लावली, बाजारात एखादी महागाची वस्तू उगाच चाचपावी तशी. "माझे पण असे झाले असते."

बहिणीने त्याचा हात तिथेच दाबून धरला. बटण तोंड न पुसताच उठून उभा राहिला. सख्ख्या बापाला रडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि आता काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं.

अशा वेळी दारात मुकादम येऊन उभा राहिला. मुकादमांना वेळेचं भान नसतं असं नाही, दुसऱ्याच्या वेळेचं नसतं. हा जुन्या मुकादमाचा मुलगा. चांगला धिप्पाड, आत यायचं म्हणजे यालाही वाकावं लागे, म्हणून तो कधी आत यायचाच नाही.

"बटण, उद्या पहाटे मोठा बॉयलर. थर जाड आहे म्हणतात, छिन्नी घासून ठेव." मग त्याची नजर ठकीवर गेली. ती उंबऱ्याशी बसून दाढीच्या साबणाचा फेस बोटाने जमिनीवर पसरत होती. त्याने बूट न काढताच वाकून तिचा गालगुच्चा घेतला. "वा वा! ही पण मावेल हो, मुठ्याकाका. घराण्याचा माल आहे!"

बुधल्याने मुठ्याबद्दल हे वाक्य ऐकलं होतं, तेव्हा त्याची छाती फुगली होती. मुठ्याने बटणाबद्दल ऐकलं होतं, तेव्हा त्याने शेजारीपाजारी साखर वाटली होती. मुकादम काही वाईट मनाने बोलला नाही. वाईट मन असायलाही समोरचा माणूस दिसावा लागतो. त्याला माप दिसत होतं.

मुठ्या पुढे झाला, ठकीला उचललं आणि सुनेच्या हातात दिलं.

"नाही मावायची," तो म्हणाला.

"अं?"

"ती मावायची नाही. येणारंही मावणार नाही. आणि बटणही उद्या यायचा नाही. मोठ्या बॉयलरला दुसरा बघा."

"काका, काय चेष्टा लावलीय? खोली..."

"ठाऊक आहे. महिन्याअखेर रिकामी करतो."

मुकादम बटणाकडे वळला. "काय रे, बाप काय बोलतोय तुझा? काही घेतलंय का दुपारचं?"

बटणाने आयुष्यात पहिल्यांदा बापाकडे न बघता उत्तर दिलं. "शुद्धीत आहेत. आम्ही चाललोय."

"कुठं जाल? बॉयलर सोडून येतंय काय तुम्हाला? या उंचीला कोण काम देतं? गोदामात पोतं तुमच्यापेक्षा मोठं असतं!"

"पाव भाजायला उंची लागत नाही," बहीण मागून म्हणाली आणि पुढे येऊन दारात उभी राहिली. मुकादमाला कितीतरी दिवसांनी त्या आळीत कुणाच्या तरी डोळ्याला सरळ डोळा भिडवावा लागला. "अजून काही?"

तो पुटपुटत गेला. जाता जाता शेजारच्या दाराशी थांबलाच, त्या घरातला धाकटा किती मोठा झाला ते विचारायला.

मुठ्या मटकन खाली बसला. एका वाक्यात त्याने आपला जन्म, आपली आई आणि काळी भिंत देऊन टाकली होती, आणि बदल्यात काय मिळणार ते कुणीच लिहून दिलेलं नव्हतं. तो सुनेला म्हणाला, "सूनबाई, आता ताट वाढून घे. सगळ्यांच्या आधी. पूर्ण."

"आत्ता? दुपार टळली की."

"टळू दे."

तिने वाढून घेतलं. चौघं आपल्याकडे बघतायत म्हणून तिला घास उतरेना. शेवटी बहिणीने सगळ्यांना दम भरला, "तोंडं फिरवा रे मेल्यांनो, बाई जेवतेय का सिनेमा चाललाय!" आणि तिघांनी तोंडं भिंतीकडे केली.

बेकरीमागच्या खोलीत मुठ्याला पहिले काही महिने करमलं नाही. तिथे भिंती पांढऱ्या होत्या. नळाला येणारं पाणी रंगहीन, गोष्टहीन होतं. त्याला मुठ्या म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, सगळे आजोबा म्हणायचे, आणि ती हाक ऐकली की तो मागे वळून बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून. आठवण यायची ती कशाचीही. थंड बॉयलरच्या पोटात बापाबरोबर पहिल्यांदा बसला, बाप गुणगुणायला लागला आणि तो सगळा लोखंडी डबा बापाच्या आवाजात बोलायला लागला, त्याची. पेजेत वेडावणाऱ्या भावाच्या तोंडाची. ते सगळं खरं होतं आणि गोडही होतं. हीच तर चीड होती. गोड नसतं तर तीन पिढ्या कशाला गिळलं असतं? आता कुठलीही आठवण आली की तिच्या बुडाशी काहीतरी लागायचं, दाताखाली खडा यावा तसं. ज्या दोन भावंडांच्या ठिकाणी तो घाईने पुढे जायचा, तिथे तो आता थांबायचा. त्यांची नावं आठवायचा प्रयत्न करायचा. एकाचं आठवलं. दुसऱ्याचं बहिणीलाही ठाऊक नव्हतं.

सुनेचं बाळंतपण या वेळी सोपं गेलं नाही. ती ओरडली, नवऱ्याला शिव्या दिल्या, सासऱ्यालाही एक दिली. दवाखान्याच्या व्हरांड्यात मुठ्या घामाघूम होऊन फेऱ्या मारत होता आणि आई बरोबर होती की काय, या भीतीने त्याला बसवत नव्हतं. मग आतून असा काही टाहो आला की शेजारच्या बाकावरची झोपलेली बाई दचकून उठली. मुलगा. चांगला भरलेला. नर्सने गुंडाळून आणून दिला तेव्हा मुठ्याला तो दोन्ही हातांत नीट पेलवेना.

ठकीचं तसं झालं नाही. ते सांगायलाच हवं, कारण असल्या गोष्टी शेवटी गोड करून सांगणारे पुष्कळ आहेत. नर्स दर खेपेला तिला मोजायची, आता उभी करून. "चढतेय," म्हणायची. मुठ्या विचारायचा, "सगळं भरून निघेल का?" ती बाई खोटं बोलणारी नव्हती. "आजोबा, पहिल्या दोन वर्षांत राहिलेलं सगळंच्या सगळं परत मिळत नाही. पण पुढचं तरी राहू देऊ नका."

त्या दिवशी तो घरी आला तो कुणावर तरी तुटून पडायला. मुकादमावर पडावं, तर तो टेकडीपलीकडे. बापावर पडावं, तर बापालाही कुणी कड्यातूनच वाढवलेलं. स्वतःवर पडून झालं होतं. सुनेने पानं वाढली होती. जुन्या खोलीत ठकी दोन घास खाऊन बाजूला सरकायची आणि सगळे कौतुक करायचे, किती समजूतदार पोर, काही मागत म्हणून नाही. आज तिने ताटलीतलं अंडं संपवलं, भात संपवला, ताटली उचलून जमिनीवर दाणकन आपटली आणि आढं दणाणेल अशी किंचाळली, "अजून!"

"अगं, हळू!" सून म्हणाली. "आजोबांच्या पानात वाढू दे आधी."

"अजून! अजून!"

"फार हट्टी झालीय हो ही," सून कपाळाला हात लावत म्हणाली. "बाजूची खोली रोज विचारते, काय मारता का पोरीला म्हणून."

"विचारू दे बाजूच्या खोलीला." मुठ्याने आपली ताटली मागे सारली, सुनेच्या हातातला डाव घेतला आणि पातेल्याच्या तळातलं, घट्ट, वाफ येणारं काढून ठकीपुढे ठेवलं. "ओरड. आणखी जोरात ओरड."